शेगडी की सिलिंडर

डिअरबॉर्न, मिशिगन
मे महिन्यातला दुसरा रविवार

चि. बाळास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

नेपरव्हिलच्या नव्या घरामागच्या अंगणात गॅसचा बार्बेक्यू ठेवायचा की कोळशाचा, हे तू फोनवर विचारलंस. मागून सूनबाईंचा आवाज आला, ‘मेमोरियल डेच्या सुट्टीच्या आत ठरवा.’ फोनवर अर्ध्या मिनिटात ‘गॅस घे’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तुझा मामा गेली तीस वर्षं कोळशावर भाजत आला आहे. ज्याचा जीव कोळशात, त्याने गॅसची शिफारस करायची तर कारणंही नीट मांडायला हवीत. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या घराजवळच्या शिकागोबद्दल, कारण या वादातली अर्धी गोष्ट तिथेच घडली. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा पत्र्याचं काम करणारा कारखाना होता. मिशिगन सरोवरात तरंगणारे लोखंडी बोये तिथे बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन या माणसाला घरच्या उघड्या शेगडीचा वैताग आला होता. वारा आला की निखारे भडकायचे, पाऊस आला की विझायचे. १९५२ साली त्याने बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं पाडली. आज अमेरिकेत घरोघरी दिसणारी गोल काळी केटल ती हीच. तिच्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. खालचा झरोका उघडला की आच वाढते, बंद केला की उतरते. आपल्या आजीची शेगडीही याच तत्त्वावर चालायची. ती खालच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालायची, एवढाच फरक.

कोळशाच्या विटांची गोष्ट मात्र मामाच्या मिशिगनातली. हेन्री फोर्डला मॉडेल टी मोटारीच्या लाकडी भागांसाठी जंगल हवं होतं. एडवर्ड किंग्जफर्ड या नातलगाच्या मदतीने त्याने राज्याच्या उत्तर भागात, आयर्न माउंटनजवळ, लाकडाचा कारखाना उभारला. ढलप्या, बुंधे, भुसा असा ढीगभर कचरा साचू लागला. तो वाया कसा घालवायचा? १९२०च्या दशकात त्यापासून कोळसा करून, पिठुळ स्टार्चने बांधून, उशीच्या आकाराच्या विटा पाडायला सुरुवात झाली. त्या फोर्डच्या मोटारी विकणाऱ्या दुकानांतून विकल्या जात. १९५१ साली तो धंदा विकला गेला आणि त्याला किंग्जफर्डचं नाव मिळालं. तुझ्या सुपरमार्केटात निळ्या-पांढऱ्या पिशवीत आज जे दिसतं, ते त्याचंच पुढचं रूप.

आता चवीकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. कोळशाची चव कोळशातूनच येते, असं सगळे धरून चालतात. मामाही बरीच वर्षं धरून चालला होता. पण कोळसा म्हणजे काय? लाकडाला हवा न देता तापवलं की त्यातले वास देणारे पदार्थ उडून जातात, आणि मागे उरतो तो बहुतांशी नुसता कार्बन. नीट पेटून वर राखाडी थर आलेल्या निखाऱ्याला स्वतःचा असा वास फारच थोडा असतो. मग तो धुराचा स्वाद येतो कुठून? तो येतो खाली टपकणाऱ्या चरबीतून आणि मसाल्यातून. थेंब निखाऱ्यावर पडतो, जळतो, त्याचा धूर उलटा वर येऊन मांसाला लागतो.

हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त असं कुणी मांडत नाही. आजी आमटीला धुंगार कसा द्यायची ते आठव. भांड्यात वाटी, वाटीत लालभडक निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि वर पटकन झाकण. निखारा नुसता ठेवून आमटीला कधी वास लागला का? वास तुपाचा.

आणि पोपटी. अलिबागकडच्या थंडीतल्या रात्री तुला लहानपणी दोनदा तरी नेलं होतं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबलेला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं. ज्वाळा सगळी मडक्याच्या बाहेर, तरी उघडल्यावर जो दरवळ उठतो तो भांबुर्डीचा आणि शेंगांच्या स्वतःच्या वाफेचा. पेंढ्याचा नाही. याउलट खानदेशातलं भरताचं वांगं थेट काड्यांच्या जाळात भाजतात. साल काळी पडते आणि धूर गरात उतरतो. तिथे जळण चवीचा भाग होतं, कारण ते कोळसा नसून अजून लाकूडच असतं. टेक्सासात मंद आचेवर बारा-बारा तास शिजणाऱ्या ब्रिस्केटची चवही कोळशातून येत नाही. ती ओकच्या लाकडाची.

या कसोटीवर गॅस वाटतो तितका हरत नाही. त्यातल्या बर्नरवर धातूच्या तिरप्या पट्ट्या बसवलेल्या असतात. चरबी त्यांच्यावर पडून धुरते, तोच तो तुपाचा चमचा. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या पदार्थांत, म्हणजे कणीस, पनीर, ढोबळी मिरची, कोळंबी, बर्गर यांत, डोळे बांधून चव ओळखायला सांगितलं तर मामाही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. निखाऱ्यांची आच जवळजवळ कोरडी. शिवाय भरपूर निखारे रचून जाळी जवळ आणली तर साध्या घरगुती गॅसला जमणार नाही इतकी धग मिळते. मांसाचा पृष्ठभाग १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेला की प्रथिनं आणि साखर मिळून तो तपकिरी, खमंग थर तयार होतो. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया वर्णिली. ओल्या पृष्ठभागावर ती अडून बसते, कारण पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभराच्या वर सरकत नाही. जाड स्टेक, चॉप यांना कोळशाचा फायदा होतो तो इथे. आणि आख्खी कोंबडी किंवा मटणाची रान दोन-तीन तास भाजायची, निखाऱ्यांवर हिकरीचा किंवा सफरचंदाच्या लाकडाचा एखादा तुकडा ठेवायचा, तर केटलला तोड नाही. हे मामा ठामपणे सांगतो.

पण बाळा, हे दोन-तीन तास तुझ्याकडे आहेत का? तुम्ही दोघं साडेसहाला घरी पोचता. धाकटी साडेआठला झोपते. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, कोळसा पेटून राखाडी व्हायला पंधरा-वीस मिनिटं, तो पसरून जाळी तापायला आणखी दहा, आणि नंतर राख. गॅस दहा-पंधरा मिनिटांत तापतो, आणि भाजून झालं की कान पिळून बंद. मामाने सुरुवातीची कितीतरी वर्षं ‘आज नको, रविवारी’ म्हणत घालवली. रविवारी पाऊस यायचा. शेगडी तारपोलिनखाली उभी, आणि मुलं मोठी होऊन कॉलेजला गेली. मुलांबरोबर अंगणात भाजण्याच्या बुधवारच्या त्या संध्याकाळी कोळशाच्या हट्टापायी हातच्या गेल्या. याची रुखरुख आजही आहे, आणि या पत्रामागचं खरं कारण तेच आहे.

तुझ्या हवेचाही विचार कर. आपल्याकडच्या लाल सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. इकडच्या २० पौंडी, म्हणजे सुमारे नऊ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, आणि तो उणे ४२ अंशांपर्यंत वायूच राहतो. शिकागोच्या जानेवारीत कानटोपी घालून पापलेट भाजता येईल.

आपल्या मंडळींचा आणखी एक प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. घरी दहा माणसं आली की त्यातली चार शाकाहारी. २२ इंची केटलच्या एकाच गोल जाळीवर कोंबडीशेजारी पनीर ठेवलं की कुणीतरी हळूच ताट बाजूला सारतं. गॅसवर रुंद जाळी घे, डावी बाजू कायमची शाकाहारी ठरव, चिमटेही दोन ठेव. येणाऱ्याचं मन राखलं जातं आणि घरच्यांनाही सारखं पाहत बसावं लागत नाही.

आता ज्याची मामाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पाऊस आला, थंडी वाजली, म्हणून पेटती किंवा नुसती धुमसती शेगडी गॅरेजमध्ये ओढायची नाही. दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. दर हिवाळ्यात अमेरिकेत लोक असे दगावतात. गॅसचा बार्बेक्यूही बाहेरच.

राखेचं मामाच्या स्वतःच्या घरी घडलेलं आहे. वरून गार वाटलेली राख दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या कचराडब्यात टाकली. रात्री डबा वितळला, आणि भिंतीचं विनाइल हातभर वाकडं झालं. शेजाऱ्याला जाग आली म्हणून निभावलं. राखेच्या पोटात निखारा दोन दिवस जिवंत राहू शकतो. झाकणाचा लोखंडी डबा, तोही भिंतीपासून लांब, आणि मध्ये पूर्ण दोन दिवस.

गॅसच्या बाबतीत आईची सवय मोडू नकोस. सिलिंडर बदलला की रेग्युलेटरवर आणि नळीवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना तर नक्कीच, कारण नळीला चिरा पडतात आणि बर्नरच्या पाइपांत कोळी जाळी करतात. झाकण उघडल्याशिवाय काडी लावायची नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून सिलिंडर तळघरात कधीच नको. लाकडी डेकवर ठेवणार असशील तर घराच्या भिंतीपासून चांगलं दहा फूट अंतर ठेव. आणि सगळ्यात आधी तुमच्या वसाहतीच्या सोसायटीचे नियम वाच. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः जोडघरांत आणि बाल्कन्यांत, दोन्हींवर बंदी असते.

इंधन कुठलंही असो, मांस काळं कोळसा होऊ द्यायचं नाही. मांस जास्त आचेवर करपताना जी रसायनं तयार होतात, त्यांच्याबद्दल इथली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट सावध करते. अर्ध्या जाळीखाली आच, अर्धी मोकळी. तुकडा रंगला की मोकळ्या बाजूला सरकवायचा. कोंबडीसाठी थर्मामीटर घे. आतलं तापमान १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, झाल्याशिवाय मुलांच्या ताटात नको.

तर आत्ता गॅस. फार मोठा नको, तीन बर्नर पुरे. कोळशाची ओढ आहे की नाही, हे पैसे न घालवता कळतं. बहुतेक पार्कांत खांबावर बसवलेल्या लोखंडी शेगड्या असतात, मराठी मंडळाची उन्हाळी सहल त्यांच्यावरच निभते. कोळशाची पिशवी आणि चिमणी घेऊन दोन-तीन रविवार जा. पेटवायला तेल अजिबात वापरू नकोस, त्याचा वास कोंबडीला लागतो. चिमणीखाली वर्तमानपत्राचा बोळा पुरतो. राख झटकून घरी येताना दमलास तर उत्तर मिळालं. आणि पुढच्या रविवारची वाट पाहू लागलास, तर एक केटलही घे. तिला जागा फार लागत नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मामा आणि मामी येतायत. मामाची जुनी चिमणी गाडीत असेल, मुलांना निखारा कसा लाल होतो ते दाखवायचं आहे. कणसं सालासकट आणून ठेव. मामी तिखट-मीठ-लिंबू घेऊन येईल.

सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा