हुन्नर कुठे वाढतो?

सोलापूर आणि आमचे नातेपुते एकाच जिल्ह्यात. मग चादरीचा नवा नमुना सोलापुरातच का निघतो? नातेपुत्याच्या माणसांत अक्कल कमी आहे काय? मुळीच नाही.

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन वसले. विणकर, रंगारी, जेकार्ड बसवणारा, फिटर, सूतव्यापारी सारे शेजारी. एकाची अडचण दुसरा सोडवतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. इतरांनी पाहिला, शिकले आणि गाव मागांचे झाले. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी आपला हुन्नर सोबत आणला.

यातून तीन गोष्टी दिसतात. एकाच धंद्याचे पुष्कळ कारागीर हवेत, जोडधंदे जवळ हवेत, आणि बाहेरचा इल्म येत राहावा.

आम्ही नातेपुत्याचे कापडवाले फक्त विकतो. रंग गेला, चादर आटली, ही गिऱ्हाइकाची तक्रार दुकानातच मरते. ती मागवाल्यापर्यंत पोचवू या. मुलांना गल्ल्यावर बसवण्याआधी वर्षभर सोलापुरात उस्तादाच्या हाताखाली ठेवू या. शिंपी, रंगारी, दुकानदार यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. हुन्नर वाटल्याने घटत नाही, उलट धंद्यात बरकत येते.