चिमुकल्या घरांच्या भिंती का तडकतात?

प्रश्न : मी सिरॅमिकची बोटभर उंचीची कौलारू घरं करते. वाळताना कोपरे उकलतात. मागच्या खेपेला तर एक घर भट्टीतच फुटलं. चुकतंय कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुखणी दोन आहेत. लाटलेल्या मातीच्या भिंती फार ओल्या असताना उभ्या केल्या तर वाकतात, फार सुकल्यावर सांधा धरत नाहीत. नखाची खूण उमटते पण भिंत लवत नाही, तेव्हा जोडा. दोन्ही कडा सुईने ओरखडून त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि आतून कोपऱ्यात मातीची बारीक वळी दाबून बसवा. मग प्लास्टिकखाली सावकाश वाळवा. वळचणीची पातळ कड आधी सुकते, आकसते आणि ओल्या भिंतीला ओढते. तडा तिथूनच जातो. पंख्याखाली तर ठेवूच नका.

भट्टीत घर फुटलं की लोक कोंडलेल्या हवेला बोल लावतात. खरं कारण बहुधा वाफ. घर गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. पहिल्या भाजणीत 100 अंशांच्या खाली भट्टी काही तास रेंगाळू द्या. 573 अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो, तिथेही घाई नको.

आणि न विचारलेलं एक : जाड ग्लेझखाली कौलांच्या रेषा बुजतात. मी भाजलेल्या घरावर पाण्यात कालवलेलं लोह ऑक्साइड फासून ओल्या स्पंजने पुसते. रंग फक्त खाचांत उरतो.