फोनसोबत आलेली अ‍ॅप: कोणती राहू द्यायची, कोणती बंद करायची?



गटाच्या बैठकीत फोनचा विषय निघाला की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, चार्जिंग टिकत नाही. दुसरी, जागा संपली म्हणून फोन सारखा ओरडतो. मग कुणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅपची यादी उघडतं आणि घाबरतं. आपण तर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि पैसे पाठवायचं एक अ‍ॅप एवढंच वापरतो, मग ही एवढी नावं आली कुठून? कुणी म्हणतं व्हायरस आहे, कुणी म्हणतं आपल्यावर कुणीतरी नजर ठेवतंय. आणि घरातला एखादा हुशार मुलगा "थांब, सगळं काढून टाकतो" म्हणत फोन हातात घेतो.

इथेच जरा थांबा. आज तुमच्या फोनमध्ये फक्त गाणी आणि फोटो नाहीत. बँकेचे मेसेज त्यात येतात, ओटीपी त्यात येतो, गटाच्या नोंदी करणाऱ्या ताईंचं कामही त्यातच चालतं. चुकीचं अ‍ॅप बंद केलं तर नेमकं हप्ता भरायच्या दिवशी पैशांचं अ‍ॅप उघडत नाही. आणि खरोखर वाईट असलेलं अ‍ॅप तसंच राहिलं तर खातं रिकामं होऊ शकतं. म्हणून कोण घरचं आणि कोण परकं, हे आपलं आपल्याला ओळखता आलं पाहिजे. हा पाठ अँड्रॉइड फोनसाठी आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकींकडे तोच असतो.

ही अ‍ॅप येतात कुठून?

नवीन घर बांधलं की भिंतीत वायरिंग आणि नळाची पाइपलाइन असते. ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय घर चालत नाही. फोनमध्येही तसंच आहे. फोन विकत घेतानाच त्यात तीन प्रकारची अ‍ॅप असतात.

पहिला प्रकार म्हणजे फोनची वायरिंग. कॉल लावणं, मेसेज घेणं, फोटो साठवणं, स्क्रीन दाखवणं ही कामं करणारी अ‍ॅप. दुसरा प्रकार गूगलच्या अ‍ॅपचा, म्हणजे प्ले स्टोअर, नकाशा, यूट्यूब वगैरे. तिसरा प्रकार फोन बनवणाऱ्या कंपनीने ठेवलेल्या अ‍ॅपचा. त्यात थीम, गेम, बातम्या, कंपनीचं स्वतःचं अ‍ॅपचं दुकान असं काहीबाही असतं. काही अ‍ॅप तर जाहिरातीसाठीच ठेवलेली असतात आणि त्यासाठी अ‍ॅपवाले फोन कंपनीला पैसे मोजतात.

यातली बरीच अ‍ॅप आपण न उघडताही आतल्या आत चालू असतात. त्यालाच बॅकग्राउंडला चालणं म्हणतात. फोन खिशात असतानाही मेसेज आला की टिंग वाजतं, ते यामुळेच. म्हणजे बॅकग्राउंडला चालणारं प्रत्येक अ‍ॅप वाईट नसतं.

यांना हात लावायचा नाही

गूगल प्ले सर्व्हिसेस: बॅटरीच्या यादीत हे नाव बऱ्याचदा वर दिसतं, म्हणून लोक आधी यालाच बंद करायला जातात. पण बहुतेक अ‍ॅपच्या सूचना आपल्यापर्यंत पोचवणं, फोन कुठे आहे ते शोधणं, गूगल खातं चालू ठेवणं ही कामं तेच करतं. ते बंद केलं तर सूचना येत नाहीत आणि पैशांची अ‍ॅपही अडू शकतात.

अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू: नाव अवघड आहे, काम सोपं. एखाद्या अ‍ॅपच्या आत वेबसाइटचं पान उघडायचं असेल तर ते हे दाखवतं. मार्च २०२१ मध्ये याचं एक अपडेट बिघडलं होतं. तेव्हा जगभर कितीतरी लोकांच्या फोनवर जीमेलसारखी अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडत होती. दुरुस्त केलेलं अपडेट आल्यावरच गाडी रुळावर आली. एका न दिसणाऱ्या अ‍ॅपवर किती काही अवलंबून असतं ते यावरून बघा.

सिस्टीम यूआय, सेटिंग्ज, फोन, मेसेज, कॉन्टॅक्ट, मीडिया स्टोरेज, डाउनलोड मॅनेजर आणि तुम्ही वापरता तो कीबोर्ड: हे सगळं राहू द्या. ज्या नावाचा अर्थ लागत नाही तेही राहू द्या. नाव कळत नाही म्हणून ते अ‍ॅप वाईट, असं नसतं.

सिम टूलकिट: हे सिमकार्डाचं अ‍ॅप आहे. कधी कधी स्क्रीनवर अचानक चौकट येते, गाणी, क्रिकेट, राशीभविष्य, खाली "ओके". घाईत ओके दाबलं की पैसे कापणारी सेवा सुरू व्हायची भीती असते. म्हणून न वाचता ओके दाबू नका, मागे जा. सिम टूलकिट उघडून आतल्या यादीत अशा चौकटी बंद करायचा पर्याय बऱ्याच सिमला मिळतो. नको असलेली सेवा सुरू झालीच असेल तर १५५२२३ या टोल-फ्री नंबरवरून ती बंद करून घेता येते.

ही बंद केली तरी चालतात

तुम्ही वापरत नसाल तर कंपनीचं थीमचं अ‍ॅप, गेम सेंटर, बातम्यांचं अ‍ॅप, कंपनीचा वेगळा ब्राउझर, सिनेमा आणि गाण्यांची अ‍ॅप बंद करायला हरकत नाही. लॉक उघडायच्या आधी स्क्रीनवर रोज नवीन चित्रं आणि जाहिराती येत असतील तर तेही एक अ‍ॅपच असतं. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपर या ठिकाणी जाऊन ते बंद करता येतं. त्याने डेटाही वाचतो.

चार बटणं, चार वेगळे अर्थ

अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवून आत गेलं की ही बटणं दिसतात. काही फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतील, काम तेच.

१. फोर्स स्टॉप: अ‍ॅप तेवढ्यापुरतं थांबतं. अडकलेल्या अ‍ॅपसाठी हे चांगलं. पण सिस्टीमचं अ‍ॅप थोड्या वेळात पुन्हा आपोआप सुरू होतं.

२. डिसेबल: अ‍ॅप झोपी जातं. दिसत नाही, चालत नाही, डेटा खात नाही. परत हवं असेल तर त्याच जागी "इनेबल" दाबायचं. फोनसोबत आलेल्या अ‍ॅपसाठी हेच बटण आपल्या कामाचं. हे बटण पुसट असेल, दाबलंच जात नसेल, तर ते अ‍ॅप फोनला लागतं असं समजा.

३. अनइन्स्टॉल: अ‍ॅप निघून जातं. आपण स्वतः घेतलेल्या अ‍ॅपना हे बटण असतं. कंपनीने जाहिरातीसाठी ठेवलेल्या काही अ‍ॅपनाही असतं. तशी नको असलेली अ‍ॅप खुशाल काढा.

४. क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा: ही दोन नावं एकसारखी वाटतात, पण फरक फार मोठा आहे. कॅशे म्हणजे अ‍ॅपने तात्पुरतं साठवलेलं सामान, ते पुसलं तरी काही बिघडत नाही. डेटा पुसला तर अ‍ॅप अगदी कोरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा डेटा पुसला आणि बॅकअप नसेल तर जुने मेसेज जातात. यूपीआयच्या अ‍ॅपचा डेटा पुसला तर बँकेतले पैसे कुठे जात नाहीत, पण सगळी नोंदणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. कर्जाचा हप्ता तोंडावर असताना हा उद्योग नको.

आता करून बघूया

सेटिंग्ज उघडा. अ‍ॅप्समध्ये जा. सगळी अ‍ॅप दाखवा असा पर्याय घ्या. वर कोपऱ्यात तीन ठिपके असतील तर तिथे "शो सिस्टीम" मिळतं, त्याने लपलेली नावंही दिसतात. फक्त बघा, लगेच काही दाबू नका.

बंद करण्यासारखं एक अ‍ॅप निवडा. त्याचं नाव वहीत तारखेसह लिहा. मग डिसेबल करा आणि दोन दिवस फोन नेहमीसारखा वापरा. कॉल, मेसेज, ओटीपी, पैशांचं अ‍ॅप सगळं ठीक चालतंय ना? मगच दुसरं अ‍ॅप. एका वेळी दहा बंद केली आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळणार नाही. वहीत नाव असेल तर इनेबल करायला एक मिनिट लागतं.

बॅटरी आणि जागेचं खरं कारण

सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराची यादी बघा. बहुतेक वेळा वर स्क्रीन, व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप सापडतं. डेटा वापराच्या यादीतही तसंच. एखादं न वापरलेलं अ‍ॅप डेटा खात असेल तर त्याच्या नावात जाऊन बॅकग्राउंड डेटा तेवढा बंद करता येतो. रिचार्ज संपत आलं असेल तर डेटा सेव्हर चालू करा.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. फोनसोबत आलेलं अ‍ॅप कारखान्यातच एका राखीव कप्प्यात भरलेलं असतं. ते डिसेबल करून तो कप्पा आपल्या फोटोंसाठी मोकळा होत नाही. त्याचे अपडेट काढले तर तेवढी थोडी जागा मिळते. आपली जागा खरी जाते ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येणाऱ्या शुभ सकाळच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी. ते ठेवून सिस्टीमची अ‍ॅप बंद करत बसणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटामध्ये जा. आपोआप डाउनलोड बंद करा आणि मोठ्या फाइली आधी पुसा.

सिस्टीमचं नाव घेतलेला चोर

हा भाग दोनदा वाचा. योजनेची ई-केवायसी, गाडीचं चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचं अपडेट असं काहीतरी सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी "एपीके" असतं. ती उघडली की प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप फोनमध्ये शिरतं. मग ते "सिस्टीम अपडेट" किंवा "सर्व्हिस" असं साधं नाव घेऊन बसतं, कधी आपलं चिन्हही लपवतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. "अ‍ॅक्सेसिबिलिटी"ची परवानगी मागतं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं त्याला दिसतं आणि तुमच्याऐवजी ते बटणंही दाबू शकतं.

ओळखायचं कसं? फोनच्या मूळ सिस्टीम अ‍ॅपला सहसा अनइन्स्टॉल बटण नसतं. नाव सिस्टीमचं आणि बटण अनइन्स्टॉलचं, तर संशय घ्या. अ‍ॅपच्या पानावर खाली ते कुठून आलं ते लिहिलेलं असतं. तुम्ही घेतलेल्या अ‍ॅपवर प्ले स्टोअरचं नाव नसेल, तर का नाही ते विचारा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून कोणती अ‍ॅप चालू आहेत ते बघा. प्ले स्टोअरमध्ये वरच्या गोल फोटोवर दाबून "प्ले प्रोटेक्ट"ने फोन तपासा. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये कॅमेरा किंवा माइक वापरात असला की वर हिरवी खूण दिसते. तुम्ही काही करत नसताना ती दिसली तर कोणतं अ‍ॅप आहे ते बघा.

असं अ‍ॅप सापडलं तर आधी इंटरनेट बंद करा, मग अ‍ॅप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस अ‍ॅडमिन" शोधून तिथे त्याचा अधिकार बंद करा, मग काढा. यूपीआय पिन दुसऱ्या सुरक्षित फोनवरून किंवा बँकेत जाऊन बदला.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपल्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. कळवेपर्यंतचं मात्र आपल्या माथी येतं. म्हणजे घरात सांगू की नको या विचारात घालवलेली प्रत्येक घटका महाग पडते. तक्रारीचा नंबर आणि बँकेच्या मेसेजचे फोटो जपून ठेवा.

पुढच्या बैठकीचा सराव

बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. फोन जिचा, बोट तिचंच चालवायचं. शेजारणीने फक्त सांगायचं. पिन आणि ओटीपी कुणीच कुणाला दाखवायचा नाही.

वहीत चार गोष्टी लिहा:
१. बॅटरी खाणारी पहिली तीन अ‍ॅप.
२. डिसेबल केलेलं एक अ‍ॅप आणि तारीख.
३. अ‍ॅक्सेसिबिलिटीत चालू असलेली अ‍ॅप.
४. कशासाठी आहे ते न कळलेलं एक नाव.

चौथ्या प्रश्नातली नावं सचिव ताईंनी एकत्र लिहून ग्रामसंघाच्या बैठकीत आणावीत. तिथे आपण एकेक नाव घेऊन बघू. आणि ज्या ताईंचा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो, त्यांनी मुलांना एवढं नक्की सांगावं: फोन खेळायला घे, पण मला विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही आणि आलेली कुठलीही फाइल उघडायची नाही.