चिखलदऱ्याची सहल आणि वाटेवरील गावे

मुकुटबनसारख्या सखल, कापसाच्या मुलखातील शाळेने थंड हवेचे ठिकाण पाहावयाचे म्हटले की चिखलदऱ्याचे नाव पुढे येते. चित्रांत बर्फावरून घसरणारी माणसे पाहिलेली मुले ‘तेथे बर्फ असेल का?’ असे हमखास विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पाठ तेथूनच आरंभावा. दर हजार मीटर उंचीमागे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच, मुकुटबन त्याहून सुमारे आठशे मीटर खाली. म्हणजे पाचएक अंशांचा गारवा. बर्फावरील खेळांचे गुलमर्ग २६०० मीटरांहून उंच आणि पुष्कळ उत्तरेस आहे. आपली कळसूबाईदेखील १६४६ मीटरांवरच थांबते.

ज्या घराने वेचणीच्या मजुरीतून सहलीची वर्गणी दिली, त्या घरच्या मुलाने दरीच्या कडेला उभे राहून परतावे, हे बरे नव्हे. गाविलगड अवश्य दाखवावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. मुकुटबनही त्या नदीच्या पश्चिमेसच आहे, हे नकाशावर बोट ठेवून सांगावे. पायथ्याजवळील अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. परतवाडा तेथून लागूनच.

मेळघाटातील कोरकू वस्तीत मुलांनी तमाशा पाहिल्यासारखे उभे राहू नये. येथे भाषेचा फार मोलाचा पाठ मिळतो. झरी-जामणीच्या वर्गात कोलाम मुले असतात. त्यांची कोलामी द्राविडी कुळातील, कोरकू मुंडा कुळातील, मराठी आर्यकुळातील. कोलाम मुलाला चार कोरकू शब्द विचारून घेण्याचे काम सोपवावे व आपल्या शब्दांशी ताडून पाहू द्यावे. एरवी मागच्या रांगेत बसणारा तो मुलगा त्या दिवशी वर्गाला शिकवील.

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून रिद्धपूर घ्यावे. म्हाइंभटांनी माणसामाणसाकडून चक्रधरस्वामींच्या आठवणी मिळवून तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले, ते या गावी. २०२४ पासून तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे.

पौषातील रात्री तेथे फार गार असतात. ज्यांच्याकडे पांघरूण नाही अशा मुलांची यादी निघण्यापूर्वीच, चारचौघांत न विचारता करावी आणि गावातून घोंगड्या मिळवाव्यात.