कंपवाताच्या बैठकीसाठी पाड्यावर जाताना

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बैठका घेते. हे काम शहरात आधीपासून चालू आहे. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू केली, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मात्र डोंगरात बैठक घ्यायची तर तिची रीत इथलीच लागते.

१. थरथरीपासून सुरुवात करू नका. कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाचा हात कापत नाही. मी विचारते, चालताना कुणाचा एक हात हलायचा थांबलाय का? पाय घासतो का? आवाज बारीक झालाय? भाकरीचा वास येईनासा झालाय? मग मागे बसलेला एखादा मुलगा म्हणतो, "आमच्या बाबाचं असंच हाय." तोवर घरात ते म्हातारपणात जमा झालेलं असतं. पाड्यावरच्या भगतालाही आग्रहाने बोलवा. लोक आधी त्याच्याकडे जातात. लक्षणं त्याला कळली तर तोच रुग्णाला दवाखान्यात धाडेल.

२. चेहऱ्याबद्दल सगळ्यात जास्त वेळ बोला. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, हसू उमटत नाही. बाईच्या बाबतीत हे फार महागात पडतं. सून म्हणते, सासू माझ्यावर रुसलीय. नवरा म्हणतो, हिला आता कशाचंच काही वाटत नाही. बाई आतून पूर्वीसारखीच असते, पण तिचं कुणी ऐकत नाही, आणि आवाज खोल गेल्यामुळे तीही बोलणं सोडते. बैठकीत हे समजल्यावर घरातला जो ताण उतरताना मी पाहते, तो कुठल्याच औषधाने उतरला नसता. म्हणून नवऱ्याला आणि सुनेला शेजारी बसवूनच हा विषय काढायचा. आवाजासाठी सोपा व्यायाम आहे: शेताच्या पलीकडच्या बांधावर माणूस उभा आहे असं समजून रोज मोठ्याने हाक मारायची.

३. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी रुग्णाला ओढू नका. सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या आडव्या रेघा मारा आणि एकेक रेघ ओलांडायला सांगा. पाऊल पुष्कळदा सुटतं. ठेक्यानेही सुटतं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नाच शिकवतात. आपल्याकडे तर तारप्याचा नाच आहे. दोन्ही बाजूंनी धडधाकट माणसांनी कमरेत हात घालावा आणि रुग्णाला मधे घेऊन सावकाश फेर धरावा.

४. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. उडदाच्या डाळीबरोबर घेतली तर प्रथिनांमुळे काहींना तिचा गुण कमी येतो. ती एकदम बंद करणं धोक्याचं आहे, आणि पावसात रस्ता तुटायच्या आत पुढच्या गोळ्या घरात आणून ठेवायला हव्यात. रानातल्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं. पण कुठल्या बीत किती, याचा नेम नाही. गोळीवर ती बी खाल्ली तर उलट्या होऊ शकतात, अंग आपोआप वळवळायला लागू शकतं. हे मी दर बैठकीत सांगते.

५. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. उलटीच्या, चक्करेच्या, मानसिक आजाराच्या काही औषधांनीही हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात, आणि डॉक्टरांनी ते औषध बदललं की बरेचदा ओसरतात. सुरुवातीपासूनच वारंवार तोल जाऊन मागच्या बाजूला पडणाऱ्या माणसाचा आजार वेगळा असू शकतो. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावंच लागतं.

६. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज कसा भरायचा ते बैठकीतच दाखवा.

७. जागतिक पार्किन्सन दिन ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सन यांच्या जन्मदिवशी असतो. शहरातले मेळावे त्या सुमारास होतात. इथली तरणी माणसं तेव्हा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला गेलेली असतात, आणि भाताच्या आवणीत तर कुणालाच उसंत नसते. मागे राहते म्हातारी बायको, नाहीतर शाळेत जाणारी नात. गोळी तीच देते, रात्री कूस तीच वळवते. आम्ही आता बैठकीचा निम्मा वेळ या सांभाळणाऱ्यांसाठीच ठेवतो. त्या वेळात रुग्णांना दुसरीकडे बसवतो, कारण त्यांच्यासमोर ही माणसं थकल्याचं बोलत नाहीत. शेजारच्या घरातलं कुणीतरी दुपारची गोळी द्यायचं कबूल करेपर्यंत बैठक उठत नाही.