शेंडा चुकलेला निवडुंग

(चारोटी नाक्याजवळची एक नर्सरी)

प्राची : मामा, हा निवडुंग आहे की मेंदू?

मामा : मॅमिलेरिया इलोंगाटा. एरवी बोटांएवढ्या कांड्यांचा झुपका असतो त्याचा. हा क्रेस्टेड, म्हणजे तुरेवाला. जात तीच, शेंडा तेवढा बिघडलाय.

प्राची : बिघडला म्हणजे काय झालं?

मामा : खोडाच्या टोकाला वाढीचा एक बिंदू असतो. नव्या पेशी तिथे तयार होतात, म्हणून खोड गोल राहून सरळ वर जातं. त्या बिंदूची रेघ झाली की खोड चपटं पसरतं. रेघ लांबतच जाते, बुंध्यापाशी तेवढी जागा कुठली? मग कडेला चुण्या पडतात आणि तुला मेंदू दिसतो. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा हाच प्रकार. फक्त तो बियांतून पुढे उतरतो, निवडुंगाच्या तुऱ्याचा तसा भरवसा नाही.

प्राची : आणि तो पलीकडचा, गाठीगाठींचा?

मामा : सिरियसचा मॉन्स्ट्रोज. इथे रेघ नाही. शेंड्याचा वचकच सुटलाय, त्यामुळे वाट्टेल तिथे नवे वाढबिंदू फुटतात आणि धारा मोडतात. बाहा कॅलिफोर्नियातल्या 'टोटेम पोल' निवडुंगाचे तर या गोंधळात काटेही जवळपास नाहीसे झाले. मला हेच जास्त आवडतात. क्रेस्टेड देखणे खरे, पण चार पाहिले की पाचवा ओळखीचा वाटतो.

प्राची : रोग तर नाही ना?

मामा : बहुतेकदा नाही. पेशीतला बदल, शेंड्याला झालेली इजा, थंडीचा तडाखा, क्वचित जंतुसंसर्ग. ॲरिझोनातल्या उंच सग्वारो निवडुंगांनाही रानात आपसूक असे तुरे येतात.

प्राची : मग या मेंदूला दुसऱ्या खोडावर का बसवलंय?

मामा : तुरा स्वतःच्या मुळांवर रखडतो, कुजतोही. आपल्याकडे चिकूचं कलम खिरणीवर बांधतात ना, तसंच. खालचा तिधारी हिरवा खुंट ड्रॅगनफ्रूटचा आहे. दोन्ही कापांच्या मधोमध पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचं कडं दिसतं. ती कडी एकमेकांना कुठेतरी भिडली तरच कलम धरतं. आणि इथला पाऊस! चुण्यांत पाणी साचलं की बुरशी आलीच. जून लागताच छपराखाली घ्यायचा.

प्राची : बुडाशी हे साधे कोंब आलेत, छान दिसतायत.

मामा : कसले छान! मूळ वळणावर निघालेत ते. दिसले की कापायचे. साधा कोंब भराभर वाढतो आणि तुरा मागे पडतो.

प्राची : तो मोठा, पांढरट कडेचा घेऊ?

मामा : घे, पण पाटीवर लिहिलंय तसा कॅक्टस म्हणून नको. युफोर्बिया लॅक्टिया आहे तो, शेर-थोराचा भाऊबंद. कॅक्टसचे काटे लवदार ठिपक्यांतून निघतात, इथे तसे ठिपके आहेत का बघ. कापलास तर पांढरा चीक येईल, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. आणि पाटीवरची चूक मालकाला दाखवायचीच असेल, तर आधी भाव ठरव.