देशोदेशींची जुनी आकडेवारी आणि संशोधन ग्रंथालय

आपल्या प्रदेशाची प्रगती कितपत झाली, हे अन्य देशांशी तुलना केल्यावाचून नीट उमगत नाही. ही तुलना दीर्घ कालखंडाची असेल तरच तिच्यातून काही बोध होतो. जागतिक बँकेने २०१० साली आपली आकडेवारी सर्वांना विनामूल्य खुली केल्यापासून हे काम पुष्कळ सुकर झाले आहे. तथापि तेथील बहुतेक मालिका १९६० च्या मागे जात नाहीत. त्यापूर्वीच्या काळासाठी, तसेच आकड्यामागील व्याख्या समजून घेण्यासाठी, अभ्यासकाला संशोधन ग्रंथालयाकडेच वळावे लागते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय हे या प्रकारचे एक मान्यवर ग्रंथालय होय. १९०५ साली भारत सेवक समाजाने सुरू केलेल्या ग्रंथसंग्रहात त्याचे मूळ आहे. संस्थेची स्थापना १९३० ची.

संदर्भग्रंथ कोणते?

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळासाठी राष्ट्रसंघाची सांख्यिकी वार्षिके उपयोगी पडतात. त्यानंतरच्या काळासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची सांख्यिकी व लोकसंख्याविषयक वार्षिके आहेत. त्याहून मागे जावयाचे असल्यास ब्रायन मिचेल यांनी संकलित केलेले आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक सांख्यिकीचे खंड पाहावेत. त्यांपैकी युरोपविषयक खंड १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला व तो १७५० पासूनचे आकडे देतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीर्घकालीन तुलनेसाठी अँगस मॅडिसन यांचे २००१ मधील संकलन अभ्यासनीय आहे. भारतापुरते मूळ साधन म्हणजे जनगणनेचे अहवाल. १८७२ ची गणना सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती; तशी पहिली गणना १८८१ ची.

व्याख्येचे महत्त्व

भारतातील साक्षरतेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. १९८१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण ३६.२ टक्के, तर १९९१ मध्ये ५२.२ टक्के असे नमूद आहे. वरवर पाहता दहा वर्षांत १६ टक्क्यांची वाढ दिसते. परंतु पहिल्या आकड्यात तान्ह्या मुलांसह संपूर्ण लोकसंख्या धरली आहे, तर दुसऱ्यात केवळ सात वर्षे व त्यावरील व्यक्ती. १९८१ चे प्रमाण याच वयोगटासाठी काढल्यास ते ४३.६ टक्के येते. म्हणजे खरी वाढ ९ टक्क्यांहूनही कमी भरते. अन्य देशांशी तुलना करताना सामान्यतः पंधरा वर्षे व त्यावरील वयोगट घेतात. त्यानुसार भारताचे १९९१ चे प्रमाण सुमारे ४८ टक्केच राहते. आकडे सर्व खरेच. पण शाळांचे नियोजन चुकीच्या आकड्यावर केले, तर निरक्षर राहिलेल्यांची संख्या दृष्टीआड होते.

अभ्यासाची रीत

प्रथम आपला प्रश्न देश, कालखंड व विषय यांसह नेमक्या शब्दांत लिहून काढावा व तो ग्रंथपालांपुढे ठेवावा. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयांत सर्वसाधारण सांख्यिकी ३१० या क्रमांकाखाली मिळते. कोष्टक उतरविण्यापूर्वी त्याखालील टिपा वाचाव्यात. त्या काळी देशाची सीमा कोणती होती, हेही पाहावे. १९३७ पर्यंतच्या ब्रिटिश हिंदुस्थानात ब्रह्मदेशाचा समावेश होता. टन म्हणजे मेट्रिक टन की १,०१६ किलोग्रॅमचा इंग्रजी टन, तांदूळ की भात, आर्थिक वर्ष की इंग्रजी वर्ष, याची खातरजमा करावी. शेवटी ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे वर्ष व पृष्ठांक नोंदवावा.

ग्रामसभेपुढे वा जिल्हा परिषदेच्या सभेत मांडलेल्या आकड्यावर निधी, शिक्षक व दवाखाने यांचे वाटप अवलंबून असते. म्हणूनच आकडा सांगणाऱ्याने त्याची व्याख्या व उगमही सांगावा, अशी अपेक्षा बाळगणे रास्त होय.